तीन गाठींचा शिसा

आबा, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली आणि माझा राग अजून तसाच आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे काही गोडधोड वाचायला मिळेल या आशेवर बसू नका. अक्षरं मला मास्तरांनी, म्हणजे तुमच्या जावयाने शिकवली. लिहिता आलं तेव्हापासून तुम्हाला लिहायचं मनात होतं, पण राहूनच गेलं. गेल्या आठवड्यात आपल्या गावचा एक म्हातारा इथे हट्टा गावी आमच्या दारात पाणी प्यायला थांबला. बोलता बोलता म्हणाला, "निजामाचं राज गेलं, गुत्तेदार गेला, भट्टी मोडली. पर तुज्या बापासारखी जीभ पुन्हा व्हनार न्हाई, बाई." माय तिथेच तूर पाखडत होती. तिने ना सूप खाली ठेवलं, ना मान वर केली. म्हणून आज कागद घेऊन बसले.

तुमची जीभ! औंढ्याला जाणारे साहेबलोक वाट वाकडी करून आपल्या गावी यायचे ते त्या जिभेपायीच. गुत्तेदाराकडे सरकारी दारूचा ठेका होता आणि त्याची मोहाची भट्टी तुमच्या हातात. पाहुणे आले की तुम्ही फेटा नीट करून पुढे व्हायचे. आधी बारव दाखवायचे, मग देवळातला वाजणारा खांब, आणि दर वेळी त्या बारवेला नवी गोष्ट जोडायचे. एकाला ती पांडवांनी बांधलेली, दुसऱ्याला कुणा राणीने. शेवटी तळं. तळ्याच्या मधोमध चिंचेचं झाड असलेलं ते बेट, आणि तिथवर जायला गुळाची काहील. ज्या कढईत रस उकळायचा तिच्यात बसून हैदराबादचे बडे लोक पाण्यातून चालले आहेत, काठ घट्ट धरून बसले आहेत, आणि तुम्ही मधे उभे राहून हसता आहात. बेटावर चटया, पळसाचे द्रोण, दारूने भरलेले काचेचे शिसे. ही पहिल्या धारेची, ही बडीशेपेची, ही संत्र्याच्या सालीची, ही वर्षभर मातीत पुरलेली. तुम्ही एकेक घोट घेऊन डोळे मिटायचे, आणि लोक तुमच्या तोंडाकडे बघत राहायचे.

आणि तुम्हाला कशाचीच चव लागत नव्हती. तंबाखूने आणि भट्टीच्या धुराने तुमचं नाक आणि जीभ माझ्या जन्माआधीच गेली होती. चाखायची माय. सरपणाच्या मागे बसून, पदराने तोंड झाकून, थेंबभर जिभेवर घ्यायची आणि थुंकायची. मग शिशाच्या गळ्यात दोरा बांधायची. चांगल्याला एक गाठ, त्याहून चांगल्याला दोन, सगळ्यांत उत्तम त्याला तीन. गाठ नसलेला शिसा पाहुण्यांपुढे न्यायचा नाही. तुम्ही डोळे मिटण्याआधी अंगठ्याने गाठी मोजायचे. एवढीच तुमची विद्या.

मग एका उन्हाळ्यात तुम्ही घाईने जाळ वाढवला आणि भट्टीतला आंबवलेल्या मोहाचा सडवा तळाला लागला. माय म्हणाली, "ह्यो शिसा नेऊ नगा, करपलाय." पण पाहुणे जास्त आले आणि शिसे कमी पडले, तेव्हा तुम्ही तोच नेला. पहिल्याच घोटाला लोक थुंकले. मायला तुम्ही जेवणाच्या टोपल्या घेऊन बेटावर आणलं होतं. सगळ्यांसमोर तिच्याकडे बोट दाखवून तुम्ही म्हणालात, "बाईमानूस भट्टीला शिवलं, म्हून नासली." वर म्हणालात, "आजपासून माज्या दारात पाय ठेवू नगंस." तिने टोपली खाली ठेवली आणि काहिलीत जाऊन बसली. त्याच दिवशी ती जवळा बाजार गावी भावाकडे गेली. गावात कुणी विचारलं नाही, की बाई शिवल्याने दारू नासते तर इतकी वर्षं कशी नासली नव्हती.

चार दिवसांनी तुम्ही शिसा माझ्यापुढे ठेवलात. "पोरी, तुला मायची जीभ हाय. गाठी बांध." मी पंधरा वर्षांची होते. बांधल्या. वर्षभर बरोबर बांधल्या, कारण मला मोठ्या दिवसाची वाट बघायची होती. तो आला. हैदराबादचा मोठा सरकारी हाकीम, सोबत आठ-दहा माणसं, गुत्तेदार घामाघूम. मी एक शिसा मुद्दाम करपलेल्या धारेचा भरला आणि त्याला तीन गाठी बांधल्या. बेटावर आता जेवणाच्या टोपल्या घेऊन मी असायची. तुम्ही गाठींवरून अंगठा फिरवलात, डोळे मिटलेत, आणि म्हणालात, "अशी चीज निजामाच्या राज्यात दुसरी न्हाई, हुजूर." मधेच माझ्याकडे बघितलंत, जसं मायकडे बघायचे. मी मान डोलावली. हाकिमाने घोट घेतला आणि तुमच्या पायाशी थुंकला. किती गोड वाटलं मला, काय सांगू.

मला फक्त एक वाक्य हवं होतं तुमच्या तोंडून. अडकलात म्हणजे बोलाल, की मला चव लागत नाही, माझी बायको चाखायची, तिची चूक नव्हती. गुत्तेदार ओरडला, "कुणी चाखली ही?" तुम्ही खाली बघितलंत. "म्या. माजीच जीभ चुकली, सरकार." माझ्याकडे बोट दाखवलं नाहीत. मायचं नावही घेतलं नाहीत. तुमची भट्टी गेली, फेटा गेला, पण ते वाक्य काही आलं नाही. मला वाचवायला तसं म्हणालात, की पोरीच्या जिभेवर जगतो हे कबूल करायची लाज वाटली, मला अजून ठरवता येत नाही. राग धरायला दुसरं बरं पडतं, म्हणून मी तेच धरून आहे.

मी जवळा बाजारला मायकडे निघून गेले. दोन महिन्यांनी सांगावा आला, की तुम्ही अंथरूण धरलंय आणि तिला बोलावताय. मायने गाठोडं बांधलं होतं. मी दारात उभी. गाठींचं मी तिला सांगितलेलं होतं, तुम्ही काय उत्तर दिलंत ते नाही. तिने एकच विचारलं, "त्येन्नी तुजं नाव घेतलं का तितं?"

मी म्हणाले, "व्हय. माज्याकडंच बोट दावलं."

तिने गाठोडं सोडलं आणि लुगडं परत दांडीवर टाकलं. तिसऱ्या दिवशी तुम्ही गेल्याचं कळलं. माय आत्ता समोर ओसरीवर तूर निवडते आहे. तिला वाचता येत नाही, आणि हा कागद तिला वाचून दाखवायची माझी छाती होत नाही.