एक दिवस पुढची तारीख

प्रिय सर्वज्ञ,

लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी माझ्या धाकट्या बहिणीने तुला हे नाव ठेवलं होतं. टोमणा होता तो, पण तुला कौतुक वाटलं, आणि चार लोकांत तू ते मिरवलंस. आज तुला लिहायला बसले तर दुसरं नाव सुचेना. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तू ऐकत नाहीस, आपली बोलायची पाळी कधी येते याची वाट बघत असतोस. पत्र वाचताना निदान गप्प बसावं लागेल.

मागच्या महिन्यात तुझी तिजोरी उघडेना, म्हणून तू कंपनीच्या ग्राहक सेवा केंद्राला फोन लावलास. एक बाई बोलल्या. शांत, मऊ आवाजाच्या, न चिडणाऱ्या. त्यांनी तुला तिजोरी उघडून दिली. तू त्यांचे भरभरून आभार मानलेस आणि शेवटी आकडा दाबून गुण द्यायचे असतात, त्यात पाचपैकी पाच दिलेस. ती बाई मी होते.

पाणी पिऊन घे, मग पुढे वाच.

मी घर सोडल्यावर फोन उचलायची नोकरी धरली हे तुला कुणीतरी सांगितलं होतं, आणि त्यावर "तेवढंच जमण्यासारखं आहे तिला" असं तू म्हणालास हे मला कुणीतरी सांगितलं. कंपनी कुठली, फोन कसले, हे विचारावंसं मात्र तुला वाटलं नाही. तिजोऱ्यांचे असतात. एका लांबलचक दालनात, जिथल्या खिडक्या उघडत नाहीत आणि कॉफीचं यंत्र कायम बिघडलेलं असतं, मी कानाला हेडफोन लावून दिवसभर लोकांच्या अडकलेल्या तिजोऱ्या उघडून देते. फोनवर खरं नाव सांगत नाहीत. कंपनीने आम्हा सगळ्यांना छोटी छोटी गोड नावं वाटून दिली आहेत. तुझा फोन आला तेव्हा पडद्यावर आधी पत्ता उमटला. ज्या घराच्या खिडक्या मी इतकी वर्षं पुसल्या, त्याच घराचा. मग तुझं ते घसा खाकरणं. नियम असा आहे की ओळखीच्या माणसाचा फोन शेजारच्या टेबलाकडे द्यायचा. शेजारी माझी मैत्रीण मोकळीच होती, नखं न्याहाळत बसली होती. तरी मी दिला नाही. तू कुणाकडे मदत मागतोयस हे मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. असा खेळ फुकटात बघायला मिळत असताना उठून कोण जाईल?

आमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सर, लॉकवर तुम्ही स्वतः काही करून बघितलं का?" त्याचं उत्तरही ठरलेलं असतं. "छे, हातसुद्धा लावला नाही." तूही तेच दिलंस. मी विचारलं, बॅटऱ्या बदलल्या का. "नव्याकोऱ्या घातल्यात." चारही एकाच पाकिटातल्या? मग तू अडखळलास. दोन नव्या, दोन टीव्हीच्या रिमोटमधून काढलेल्या. वर मलाच समजावलंस, "मॅडम, व्होल्टेज म्हणजे काय ते सांगतो तुम्हाला." सांगितलंसही. मी ऐकून घेतलं, मला त्याचे पैसे मिळतात. मग विचारलं, आपत्कालीन किल्ली कुठे आहे? "सुरक्षित ठिकाणी." म्हणजे कुठे, सर? मग अगदी बारीक आवाजात, "आत."

मी आवाज बंद करायचं बटण दाबलं आणि टेबलावर डोकं ठेवून हसले. मैत्रिणीला वाटलं रडतेय, तिने पाठीवर हात फिरवला.

ती तिजोरी आणली त्या दिवशी मी म्हटलं होतं की किल्ली माझ्या बहिणीकडे ठेवू. तिजोरीची किल्ली तिजोरीबाहेर ठेवायची तर तिजोरी घ्यायची कशाला, असं म्हणून तू मला मूर्खात काढलंस, आणि कपाटाच्या खालच्या कप्प्यात तिजोरी स्वतःच्या हाताने तिरकी बसवलीस. तिरकी बसल्यामुळे दार जड जातं. म्हणून मी तुला सांगितलं, दार गुडघ्याने आत दाबून धरा, म्हणजे खिट्टीवरचा दाब जाईल, मग हँडल फिरवा. "हँडल जरासं वाकलंय." कशाने? "आपोआप." सर, लोखंड आपोआप वाकत नाही. मग एकेक बाहेर यायला लागलं. हलकेच हातोडी मारली होती. हलकेच म्हणजे दोन संध्याकाळी. नंतर शेजाऱ्याकडून ड्रिल आणून कीपॅडच्या बाजूला भोक पाडायचा प्रयत्न केला होता, तो पत्रा जाड निघाला म्हणून फसला. जो माणूस सुरुवातीला हातही लावला नाही म्हणत होता, त्याने त्या बिचाऱ्या खोक्याला एखाद्या चोराने दिला नसता इतका मार दिला होता.

चारही नव्या बॅटऱ्या घालून आलास तेव्हा कीपॅड जागं झालं, आणि तू घाईघाईने पुन्हा तोच कोड दाबत सुटलास. चुकीचा कोड सारखा दाबला की लॉक काही वेळ स्वतःला बंद करून घेतं. मग कुणीही काहीही दाबा, ते दाद देत नाही. थांबायचं, एवढंच करता येतं. अशा वेळी फोनवरची माणसं बोलू लागतात, हे मला कामावरून माहीत आहे. शांतता झेपत नाही त्यांना. तुला तर कधीच झेपली नाही.

आधी तू माझ्यावर घसरलास. सगळा घोळ बायकोने करून ठेवलाय, कोड तिचा, ती गेली निघून. मी म्हटलं, हो सर. मग त्या गेल्यावर तुम्ही कोड बदलला नाही का? "बदलला. त्याच दिवशी." म्हणजे आत्ताचा कोड कुणाचा? "माझाच," म्हणालास, तेही उपकार केल्यासारखं. मुलीची जन्मतारीख ठेवली आहे, दाखला समोर घेऊन, त्यावर बघून दाबतोय, चूक व्हायचा प्रश्नच येत नाही, लॉकच भिकार आहे. आणि मी विचारलं, आत तातडीचं काही आहे का, औषध वगैरे. ते विचारावंच लागतं, त्यावरून माणूस पाठवायची घाई ठरते. तू म्हणालास, "औषध नाही. मुलीचा पासपोर्ट आहे."

त्या क्षणी माझं हसू कुठे गेलं ते मला कळलं नाही.

आपल्या लेकीला बाहेरच्या देशात प्रवेश मिळाला आणि त्याच आठवड्यात तिचा पासपोर्ट नाहीसा झाला. तू तिला सांगितलंस की आई जाताना कागद घेऊन गेली, त्यातच असणार, लेकीने जाऊ नये असंच आईला वाटतं. ती माझ्या खोलीवर आली. बसली नाही. कपाट उघडलं, माझ्या साड्यांच्या घड्या विस्कटून बघितल्या, गादी उचलून बघितली, पिठाच्या डब्यातसुद्धा हात घातला. मी दाराशी उभी राहून बघत होते. "शपथ घेतेस?" असं तिने विचारलं, मी घेतली, आणि ती म्हणाली, "बाबा म्हणालेच होते, शपथ घेईल म्हणून." पिठाचे हात तसेच घेऊन जिना उतरून गेली. त्यानंतर तिने माझा फोन उचलला नाही.

आणि तो पासपोर्ट तुझ्या गुडघ्याशी होता, पत्र्याच्या आड.

मी आवाज तसाच मऊ ठेवला. कसा ठेवला ते मला विचारू नकोस. म्हटलं, आत कसा राहिला सर? तू म्हणालास, "ठेवला होता. तिला ठाऊक नाही." मग कुणी न विचारताच बोलत गेलास. एकुलती एक आहे, ती गेली की या घरात कुणी दारसुद्धा आपटणार नाही, संध्याकाळी दिवा लावावासा वाटणार नाही. आवाज फुटला तुझा. क्षणभर मला तुझी दया आली, खोटं कशाला बोलू. एकटेपणाची भीती वाटणं यात काही पाप नाही. पण तेवढ्यात तू पुढचं सांगितलंस. लेक आता नवा पासपोर्ट काढायला निघाली आहे, आणि जुना हरवला असं लिहून देताना खाली तुझी सही लागणार आहे. "उद्या खोटं निघालं तर मी अडकायचो ना मॅडम." म्हणजे पश्चात्ताप वगैरे काही नव्हता. लेकीचं वर्ष वाया जातंय, बायको चोर ठरली आहे, त्याने तुझी झोप उडाली नव्हती. सहीने उडाली. काय हा माणूस, आणि अशा माणसाला घाबरून मी इतकी वर्षं चहात साखर किती घालू ते विचारत राहिले!

आता ऐक, तिजोरी कशी उघडली ते. तुला वाटतंय कंपनीकडे काहीतरी युक्ती असते. नसते. लेक जन्मली त्या दिवशी तू आला नव्हतास. साहेबांच्या मेजवानीला गेला होतास, आणि दवाखान्यात उगवलास दुसऱ्या दिवशी, हातात कोमेजलेली फुलं घेऊन. तू तिला पाहिलंस तेव्हा ती जन्मली, असंच तुझ्या डोक्यात बसलं. दरवर्षी तिच्या वाढदिवसाला सकाळी तू विचारायचास, "उद्या ना गं?" दरवर्षी मी म्हणायचे, आज. कोड ठेवलास तो तुझ्या मनातल्या तारखेने, आणि बॅटऱ्या संपून तो चालेना तेव्हा दाखला काढून आता दाबत होतास त्यावरची. आयुष्यात पहिल्यांदा तू तिची खरी तारीख बघितलीस, आणि नेमकी तीच चालेना.

मी गप्प राहिले असते तर? "माणूस पाठवतो सर, दार कापावं लागेल" एवढंच म्हणायचं होतं. लॉकही बदलावं लागलं असतं, तुझी चांगली जिरली असती. मोह झाला. पण कापणाऱ्या चाकाने आतले कागदही जळतात, हे मी पाहिलंय. म्हणून म्हटलं, सर, एक दिवस पुढची तारीख टाकून बघा. "मुद्दाम चुकीची का टाकू?" टाकून तर बघा. आणि मग कीपॅडची शिट्टी वाजली, खिट्टी सरकल्याचा आवाज आला. मला कसं कळलं, हे तू विचारलं नाहीस. इतका आनंद झाला होता तुला. आणि त्या आनंदात म्हणालास, "चूक माझीच होती हो ताई. सगळीच माझी." ताई म्हणालास मला. संसारात एकदाही जे वाक्य तुझ्या तोंडून निघालं नाही, ते एका परक्या बाईला तू असं सहज देऊन टाकलंस.

मला वाटलं, एवढं बोललेला माणूस आता घरातही बोलेल. ही माझी चूक. बघ, मान्य करायला जीव जात नाही.

मी वाट बघत राहिले, आणि परवा लेकीचा निरोप आला. इतक्या महिन्यांतला पहिला. "पासपोर्ट सापडला. तुझ्या जुन्या सुटकेसच्या अस्तरात होता, बाबांना मिळाला. निदान मला तरी खरं सांगायचंस." म्हणजे तिजोरीतून काढलास आणि माझ्या सुटकेसमध्ये नेऊन घातलास. मी तिला उलट काहीही लिहिलेलं नाही. आमच्याकडे प्रत्येक फोनची आवाजासकट नोंद असते, पण ती बाहेर काढली तर माझी नोकरी जाईल, आणि तुझ्यापायी नोकरी घालवण्याइतकी मी आता वेडी राहिले नाही. शिवाय माझ्या तोंडून ऐकलं तर तिला वाटेल, आईने बाबांवर अजून एक आरोप केला. तुझ्या तोंडून ऐकलं तरच ते तिच्यासाठी खरं होईल. तिचं जायचं ठरलंय आणि विमानतळावर तूच तिला सोडणार आहेस, हे मला बहिणीकडून कळलं. मला कुणी बोलावलेलं नाही आणि मी येणार नाही. गाडीत तुम्ही दोघंच असाल. रस्ता लांब आहे, आणि गाडी चालवताना समोर बघत बोलता येतं, तोंडाकडे बघावं लागत नाही. तुला बोलता येतं, मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. ती उतरायच्या आत बोल. माझी माफी मागू नकोस, मला ती नको आहे, ठेवायला माझ्याकडे जागाही नाही. फक्त माझी लेक इतक्या लांब जाताना आई चोर आहे असं समजून जाऊ नये, एवढ्यासाठी मी हे सगळं लिहिलंय. तिने तिथे पोचल्यावर मला फोन केला, तर मी समजेन की तू बोललास. नाही केला, तरी समजेन.

तुझी आता कुणीच नसलेली,
तिची आई