उजवीकडचा चेंडू

जयनगर, मंगळवार, १२ ऑगस्ट १९९७

आज सर म्हणाले, जाळीवरून पायानं चेंडू मारायच्या आमच्या फुटबॉल-टेनिसमध्ये पुरुषांसारखी बायकांचीही जागतिक स्पर्धा घ्यायचं बोलणं बाहेरदेशी चाललंय. "स्वल्प लवकर नवी जोडीदारीण बघ." माझी अक्का त्यांना सारखं हेच विचारायची, "आमची कधी हो, सर?" मार्चमध्ये ती गेली, आणि आता सांगतात!

संध्याकाळी एकटीच गच्चीवर भिंतीशी खेळत होते. एक चेंडू उजवीकडे, अक्काच्या बाजूला गेला. मी धावले, तेवढ्यात मागून "माझा!" ऐकू आलं. जोडीत असं कुणी ओरडलं की दुसरीनं चेंडू सोडायचा. मी सोडला.

भास असेल. खालची पोरं ओरडली असतील. पण मग मी सोडला कसा? एवढ्या सहज?

चेंडूचा एक टप्पा ऐकला. दुसऱ्याची वाट बघितली, तो पडलाच नाही. वळून न बघता खाली आले. आईला काय सांगणार?

उद्या येलहंक्याची नवी मुलगी येतेय. तिला उजवीकडेच उभं करावं लागणार. ती "माझा!" म्हणाली, तर अक्का सोडेल?