सोळा रंगांतला तुझा चेहरा

आई, तुझं ते शाळेतल्या कॉम्प्युटरवरचं चित्र माझ्या हातून बिघडलं. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, पण दुसऱ्या कुणाला सांगावं तर त्याला चित्र माहीत न्हाई, तू माहीत न्हाई, आणि मुळात घरात ऐकायला आहेच कोण? म्हणून तुलाच लिहून राह्यले.

तो कॉम्प्युटर शाळेत आला तेव्हा हेडमास्तर त्याला हात लावायला घाबरायचे, बाकीचे मास्तर लांबून बघायचे, आणि तू क्लार्क म्हणून तो तुझ्या गळ्यात पडला. शाळा सुटली की मी ऑफिसात येऊन तुझ्या डब्यातली उरलेली भाकरी खायचे आणि तू निकालपत्रकं बंद करून चित्र काढायला बसायचीस. स्वतःचंच. पर्समधला छोटा आरसा मॉनिटरला टेकवून. भोकरदनच्या फोटोवाल्यावर तुझा भारी राग होता. "लग्नाच्या फोटोत मी न्हाईच, माझी कोणी गोरी बहीण बसलीय," असं तू म्हणायचीस. काळीसावळी होतीस तू, आणि तुला त्याचं काही वाटत नव्हतं, लोकांनाच वाटायचं. पण मशीनमध्ये रंग मोजून सोळा आणि त्यात तुझा रंगच नव्हता. मंग तू एक ठिपका विटकरी, शेजारी एक काळा, मध्येच एखादा पिवळा असे भरत बसलीस. एका गालाला चार दिवस लागले. मी म्हणाले, "आई, एवढं कशाला? एकच तपकिरी ओत की." तू माझ्याकडं बघितलंसुद्धा न्हाई. "ओतते! मी काय लोखंडी पेटी आहे का रंगवायला? मशीनला माझा रंग येत न्हाई, मी शिकवून राह्यले त्याला." आणि मी पडद्याला नाक लावलं की वेणी धरून मागं ओढायचीस, "दोन हात मागं सर. तिथून बघ." मला वाटायचं, डोळे बिघडतील म्हणून ओरडतेस.

आता मी बसस्टँडजवळ एका फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन करते. वाढदिवस, लग्न, श्रद्धांजली, आणि राजूरच्या गणपतीच्या चतुर्थीला तर मान वर करायला फुरसत नसते. तुझ्या चित्राच्या फ्लॉपीला बुरशी आल्ती. तिच्यातली फाइल एकदा जालन्याहून कॉपी करून आणली आणि फ्लॉपी फेकून दिली. फाइल तशीच पडून होती. यंदा तुझ्या पुण्यतिथीला म्हटलं, भिंतीवर फोटोऐवजी हेच लावू. दुकानातल्या मोठ्या सपाट पडद्यावर उघडलं तर काय! विटकरी ठिपका वेगळा, काळा वेगळा, पिवळा वेगळा, तोंडभर देवी आल्यासारखं. मला वाटलं बुरशीनं फाइलही खाल्ली. अख्खी दुपार बसून मी तुझा चेहरा साफ केला. ठिपका न् ठिपका उडवला, एकच सपाट रंग भरला, आणि त्याच नावानं, जुन्यावरच सेव्ह केलं. साडी, भिंत, हात तसेच ठेवले, म्हटलं तिथं कोण बघतंय! वर स्वतःची पाठ थोपटून घेतली ती वेगळीच.

पंधरा दिवसांनी भंगारवाले चाचा दुकानासमोर गाडा थांबवून म्हणाले, "बेटी, ये डब्बा बिलकुल चालू है. कोई स्कूल का माल है. तोडने को जी नहीं होता, देख लेती क्या?" जुना, मागं पोट सुटलेला मॉनिटर. तुझाच होता की दुसऱ्या कुठल्या शाळेचा, देवाला ठाऊक. दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरला त्याची वायर लावली. तो मिनिटभर कुरकुरला आणि हळूहळू उजळला. मी सहज तुझं चित्र उघडलं.

अगं आई, ठिपके गेल्ते! त्या जुन्या काचेत ठिपक्याची कड पुसट होते, शेजारचे रंग एकमेकांत उतरतात, हे मला, दिवसभर पडद्यापुढं बसणारीला, माहीत नव्हतं. तुला होतं. तू सगळं त्या काचेचा हिशेब धरून काढलेलं. साडीचा जांभळा असा की त्या सोळा रंगांत कुठंच न्हाई. आणि हात तर बिलकुल तुझाच, पीठ मळताना दिसायचा त्या रंगाचा. वर मानेपासून मात्र भिंतीला पुट्टी फासावी तसा एक सपाट गोळा. चाचा मागून बघत होते. "हाथ तो जिंदा है बेटी," म्हणाले, "चेहरे को क्या हुआ?" मी म्हणाले, "फाइल खराब है, चाचा." ते गेल्यावर शटर अर्धं ओढून मी रडले.

मॉनिटर ठेवून घेतला. दुपारी गिऱ्हाईक नसलं की बसते आणि हाताचे ठिपके बघून बघून चेहऱ्यावर उतरवते. हाताचा रंग जमतो. पण डोळ्याखाली तू काय भरलं होतंस, ओठाच्या कोपऱ्यात पिवळा किती होता, आठवत न्हाई. तू आरशात बघून काढलंस. मी कुठं बघून काढू? फोटोत तर तुझी ती गोरी बहीण. तुला बघितलेलं घरात आता माझ्याशिवाय कुणी उरलं न्हाई, आणि मलाच धड आठवेना, ही काय तऱ्हा झाली?

हे पत्र कुठं जाणार न्हाई, म्हणून लिहून टाकते. तो सपाट रंग मी नजरचुकीनं घेतला नव्हता. तुझ्या रंगाच्या जवळपासचा तपकिरी समोरच होता. नवरीमुलींच्या फोटोला दिवसभर घेते तसा, मी त्याच्यापेक्षा दोन छटा उजळ घेतला. आणि भरून झाल्यावर मागं सरून बघितलं, तर मला वाटलं, किती छान दिसतेय माझी आई.