अंगणात संपलेली वायर

मंगळवार, ३ मार्च

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

ताजी बातमी अशी की वायर आली आणि अंगणाच्या मध्यावर, पाण्याच्या टाकीपाशी संपली. हे मी अंदाजाने लिहीत नाही. वायरमनबाईंनी फाटकापासून मागच्या शेडपर्यंत दोनदा टेप लावली आणि दोन्ही वेळा एक्केचाळीस मीटर भरले. तुम्ही एकोणीस लिहिलं होतं, म्हणून मी दुकानातून सहा एमएमची एकोणीस मीटर वायर कापून आणली. दुकानदाराने अर्धा मीटर वर दिला, पण कापलेली वायर परत घ्यायला तो तयार नाही. सध्या ती टाकीला टेकून जेवलेल्या अजगरासारखी पडली आहे.

वायरमनबाईंचं म्हणणं, जाडीही चुकली. इतक्या लांब सहा एमएम चालणार नाही, दहाच हवी. तुम्ही सहा म्हणता. तुमच्याकडे चाळीस वर्षांचा अनुभव आहे आणि त्यांच्याकडे शिडी आहे. मी दोघांनाही मान डोलावते आणि मग टाइल्सना रंग देत बसते. चक्रावले आहे, एवढंच खरं.

नोकरी सोडून मी मागच्या शेडमध्ये ही मातीकामाची विजेवरची भट्टी घेतली, ते तुम्हाला माहीतच आहे. वाचनालयाच्या खोल्यांसाठी साठ नंबरटाइल्स अठ्ठावीस तारखेला द्यायच्या आहेत. वेळेत दिल्या नाहीत तर ते प्लास्टिकच्या पाट्या लावून मोकळे होतील, आणि माझं पहिलंच काम हातचं जाईल. टाइल्स वाळून तयार आहेत. अडलंय ते विजेवर.

फोन करणार होते, पण फोनवर तुम्हाला फक्त माझा खोकला ऐकू येतो. म्हणून पत्र. आई बरी आहे. तिचा निरोप काही नाही. तुम्हा दोघांत नऊ वर्षांपूर्वी काय झालं ते मला कोणी सांगितलं नाही. मी तेव्हा परीक्षेत बुडाले होते.

लोभ आहेच, तो असाच पुरवा. वायर पुरली नाही तरी चालेल.

तुमची,
खटपट

शनिवार, ७ मार्च

चि. खटपट हिस,
अनेक आशीर्वाद.

तार पावसात आखडत नाही आणि उन्हात पसरत नाही, एवढं मी चाळीस वर्षांत शिकलो. तेव्हा एकोणीस मीटरची एक्केचाळीस कशी झाली हे तुझ्या वायरमनबाईलाच ठाऊक. दुकानदारानेही हात मारला असेल. वायर सोडवून आधी नीट मोज.

तुमच्या घराची भिंतन् भिंत मी ठोकली आहे. मधल्या बोळातली स्विचची पेटी, तिथून माळ्याच्या तुळईवरून मागचं दार, दारातून शेड. एकोणीस मीटर. झोपेतून उठवून विचारलंस तरी हेच सांगेन. तुझी बाई फाटकाकडून कशाला मोजते? फाटकातून काय पाहुणे आणायचेत?

जाडीचं नीट समजून घे, मग कोणाला मान डोलावायची ते तुझं तुला कळेल. वायर दोन गोष्टींवर ठरते, ओझं आणि वाट. ओझं तू लिहिलं होतंस. भट्टीला तीस अँपिअर. चाक, पंखा, दिवे मिळून सहा. एकूण छत्तीस. वाट लांबली की वाटेतच थोडे व्होल्ट गळतात, लांबच्या माणसाला दिलेल्या डब्यातले दोन घास वाटेत कमी व्हावेत तसे. सात व्होल्टपर्यंत गळलं तर कानाडोळा करायचा, त्यापुढे नाही. सहा एमएमने एकोणीस मीटरला पाचच गळतात. झालं की.

शेडमधल्या बोर्डात स्विचची आठ घरं ठेव. भट्टीचं घर एकटीचं, तिच्या शेजारी कोणी जेवायला बसायचं नाही. चाक आणि पंखा एकत्र. प्लग वेगळे. दिवे वेगळे, कारण हजार अंशावर तापलेली भट्टी बंद पडली तर निदान ती दिसली पाहिजे. उरलेली घरं रिकामी राहू देत. रिकामं घर ठेवल्याचा पस्तावा कोणाला झालेला मी पाहिला नाही.

बोळातल्या पेटीवरच्या माझ्या चिठ्ठ्या कागदावर उतरवून पाठव. कुठला स्विच रिकामा आहे ते बघून सांगतो.

या म्हाताऱ्याचा राग धरू नकोस, धरलास तर तो पत्रातूनच पाठव.

तुझा,
मामा

बुधवार, ११ मार्च

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

वायर मोजली. साडेएकोणीस. दुकानदार साधू निघाला.

मग मी बोळातल्या पेटीपासून शेडपर्यंत टेप लावली, तुम्ही सांगितलेल्या वाटेने, माळ्यावर चढून. एकोणीस मीटर, वर चार बोटं. म्हणजे तुम्ही बरोबर. वायरमनबाईंनी पुन्हा फाटकापासून मोजलं. एक्केचाळीस. म्हणजे त्याही बरोबर. दोघांचं गणित मी वहीत शेजारीशेजारी मांडलं, त्यात एका आकड्याची चूक नाही. मग चुकतंय कोण? उरले मी.

चिठ्ठ्या आईने सांगितल्याप्रमाणे उतरवल्या. एकूण नऊ. बैठक, स्वयंपाकघर, पंप, दादाची खोली, न्हाणी, माळा, अंगण, मागचं दार, आणि नववी रिकामी. चौथी वाचून हसू आलं. ती इस्त्रीची खोली आहे असंच मी समजत होते. अक्षर मात्र अजून काळंभोर आहे, कोणी रोज पुसत असावं.

आता खरा गोंधळ ऐका. काल नववा स्विच दाखवायला मी वायरमनबाईंना बोळात नेलं. त्यांनी एक एक करत नऊच्या नऊ स्विच खाली पाडून बंद केले आणि स्वयंपाकघरातला पंखा फिरतच राहिला. बैठकीतला दिवा जळतच राहिला. मी घाबरून दोन पावलं मागे सरले. बाई मात्र हसल्या आणि म्हणाल्या, हे मला विचारू नका, आईंना विचारा.

आईला विचारलं तर ती म्हणाली, तुझा मामा काय म्हणतो ते आधी कळू दे. एवढं बोलून भर दुपारी कुंड्यांना पाणी घालायला गेली. सकाळीच घातलं होतं. दहा वर्षं बाहेरगावी काढून मी परत आले त्याला तीनच महिने झाले. एवढ्यात या घरात बटण दाबायचंसुद्धा मला भय वाटू लागलं आहे.

सतरा दिवस उरले आहेत. टाइल्स भाजून निवायला चार लागतात. सहा की दहा, बोळ की फाटक, काहीतरी एक कळवा.

गोंधळासकट आपली समजून घ्यावी,

तुमची,
खटपट

गुरुवार, १२ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

नऊ वर्षांनी लिहिते आहे, तेव्हा आधी मीटरचं लिहिते.

यांच्या माघारी तू म्हणालास, घर विकून माझ्याकडे ये. मी नाही म्हटलं. तू जाताना म्हणालास, आता तारा जळल्या तरी मला बोलवायचं नाही. पुढच्याच वर्षी जळल्या. मी बोलावलं नाही. ही वायरमनबाई तेव्हा नवी होती, तिने येऊन सगळं नीट केलं. त्याच सुमारास वीज कचेरीने मीटर बाहेर काढायला सांगितलं. मीटर आणि बोर्ड दोन्ही फाटकाच्या भिंतीवर गेले. तुझ्या पेटीतून आता वीज जात नाही. तिच्यात किल्ल्या असतात, माझा वाचायचा चष्मा असतो आणि रक्तदाबाच्या गोळ्या.

पेटी काढून टाकू का, असं बाईने विचारलं होतं. मी नको म्हटलं. कारण विचारलं नाही तिने, तुझ्यासारखी खोलात शिरत नाही.

पोरीने तुला वायरचं विचारलं तेव्हा मीटर हलल्याचं मी तिला सांगितलं नाही, आणि चिठ्ठ्या मागितल्या तेव्हाही मुद्दाम तीच पेटी दाखवली. तुझ्या कामाला दुसऱ्याचा हात लागला हे तुला कळू नये, एवढंच डोक्यात होतं. त्यात वायर कापली जाईल हे माझ्या लक्षात आलं नाही. चूक तुझी नाही, तिची नाही, बाईची तर नाहीच. मी तिला अजून काही सांगितलेलं नाही. तू सांग. तुझं ती ऐकते.

माझ्या हट्टापायी तिची भट्टी अडू नये.

राग असेल तर असू दे, पण आकडा लवकर कळव.

तुझी,
धाकटी

सोमवार, १६ मार्च

चि. खटपट हिस,
अनेक आशीर्वाद.

वायरमनबाईला सांग, तिचं बरोबर आहे आणि मी लेखी मान्य केलं आहे. मीटर आठ वर्षांपासून फाटकावर आहे. बोळातली पेटी मुकी आहे. मी अजून तुमच्या जुन्या घरात टेप लावत होतो. पंखा का थांबला नाही ते आता कळलं ना? भूतबीत काही नाही. तुझी आई आहे.

नवं गणित. फाटक ते बोळ बावीस, बोळ ते शेड एकोणीस, मिळून एक्केचाळीस. सहा एमएमने पावणेअकरा व्होल्ट गळतील, भट्टी रुसून बसेल. दहा एमएमने साडेसहा. बसलं. दहाचीच आण, आणि त्रेचाळीस मीटर आण, दोन्ही टोकांना वळायला लागते. कापण्याआधी बाईला दुकानात ने. मला विचारू नकोस.

तुझ्या अजगराचाही विचार केला. वाटलं, त्याने फाटकापासून बोळातल्या पेटीपर्यंत वीज न्यावी. पण वाट बावीसची, आणि तो साडेएकोणीस. तिथेही अडीच मीटर कमीच. आपल्या घराण्यात सगळं हातभर कमी पडतं, आणि मागायची कोणाची तयारी नसते.

तुझ्या आईला वेगळं पत्र लिहायला बसलो होतो. तीन कागद फाडले. कागदावर उतरत नाही ते. पेटी भिंतीवर आहे हे वाचलं, एवढं तिला सांग. गोळ्या मात्र तिथून हलव म्हणावं, बोळात दुपारी उकडतं.

शनिवारी, एकवीस तारखेला, सकाळच्या बसने येतो. बाईला दहा वाजता बोलाव. मेन स्विच तिनेच खाली करायचा, तिचा बोर्ड आहे. मी शिडी धरीन. सगळं नीट झालं तर चारच्या सुमारास रिकामी भट्टी तापवून बघू आणि रविवारी तुझ्या टाइल्स आत जातील. अठ्ठावीसला पुरेसा वेळ आहे.

परतीची बस शनिवारी पाचला आहे, रविवारीही आहे. फाटकावरच्या बोर्डात इस्त्रीच्या खोलीचा दिवा कुठल्या स्विचवर आहे ते बाईला विचार. त्यावर चिठ्ठी नसेल तर कोरी जागा तशीच ठेव. आईला विचारून शनिवारी काय ते लिहू. पेन मी आणतो.

माया कमी पडली तर कळव, तीही दोन मीटर जास्तच घेऊन येईन.

तुझा,
मामा