बोटाखालची चित्रं

आबा, आज पोर्ट्रेटच्या तासाला मॉडेल आला नाही. नेहमी येणाऱ्या म्हाताऱ्यांना ताप होता, म्हणून शिपाईमामा बाहेर गेले आणि मिरजेच्या स्टँडवरून पटका बांधलेल्या एका माणसाला घेऊन आले. चौथऱ्यावर खुर्ची मांडलेली, पोरं बोर्ड लावून तयार. पण मी त्यांना बसू दिलं नाही. आधी विचारलं, "कुणाकडं आलाय तुमी? हितं कुणी हाय का तुमचं?" ते म्हणाले, "कुणी न्हाई बाई. मी बसची वाट बघत हुतो." पोरं हसली. मी पुन्हा विचारलं, आणि पुन्हा. तेव्हा पोरांचं हसू थांबलं. त्यांना काम सुरू करायला सांगून मी व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, आणि तुमच्याशी बोलायचं कसं हे मला अजून ठाऊक नाही. म्हणून लिहितेय.

मी आता इथंच शिकवते. विद्यापीठ म्हणायचं, पण तेव्हाही तीन इमारती होत्या आणि आताही तीनच आहेत. चित्रकला आणि डिझाइनचा विभाग सगळ्यात मागच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर. आम्ही वर्गात अकरा जण होतो, आता सहा आहेत. बाकीची पोरं पुण्याला जातात. थांबवायचं तर काय सांगून थांबवायचं, हे मला कळत नाही. मी कवठे महांकाळच्या बाजूची, मेंढरं राखणाऱ्या घरातली पोरगी. ती चित्रं काढायला शिकणार म्हटल्यावर भावकीत सगळे हसले होते. तुम्ही एवढंच म्हणालात, "हसूद्यात. हात चालतोय तिचा, चालू दे." त्यानंतर ह्या विषयावर आपण कधी बोललोच नाही. मेंढरं घेऊन तुम्ही सहा-सहा महिने नदीकाठाला, मी होस्टेलवर.

मी इथं शिकत होते तेव्हा, त्या दिवशी मला वर्गात यायला उशीर झाला. सांगलीला कागद आणायला गेले होते. दार ढकललं तर चौथऱ्यावर तुम्ही. खांद्यावर घोंगडं, डोक्याला पटका, दोन्ही हात गुडघ्यांवर. दहा जण तुमच्याकडं एक डोळा मिटून, पेन्सिल धरून माप घेत होते. सर कुजबुजले, "बस लवकर. आज काय चेहरा मिळालाय बघ." नंतर कळलं ते असं. सरांनी मॉडेल आणायला मामांना पाठवलं होतं, आणि तुम्ही फाटकाशी उभे राहून "चित्राची शाळा कुठं हाय?" म्हणून विचारत होता. मामांना वाटलं, हाच माणूस. त्यांनी आणलं, सरांनी बसवलं, तुम्ही बसलात. हलायचं नाही म्हणाले म्हणून हलला नाहीत. मला बघून फक्त डोळे हलले.

त्याच वेळी सांगायला हवं होतं. "सर, हे माझे वडील." चार शब्द. पण सगळा वर्ग गप्प होता, सर आधीच उशिरावरून चिडलेले. म्हटलं, पाच मिनिटांनी सांगू. पाच मिनिटांनी वाटलं, आता सांगितलं तर आधी का नाही बोललीस म्हणतील. अर्ध्या तासानं ते सांगणं एवढं जड झालं होतं की उचलेना. मी बोर्ड मांडीवर घेतला आणि तुम्हाला काढायला लागले. आबा, मला लाज वाटत होती का? चौदा वर्षं मी हे स्वतःला विचारतेय. घोंगड्याची, पटक्याची लाज नव्हती, हे खरं वाटतं. पण माझी मैत्रीण शेजारून म्हणाली, "कसल्या भारी सुरकुत्या आहेत ना!" आणि मी "हं" म्हणाले. ते "हं" कशाचं होतं, मला सांगता येत नाही.

मधल्या सुट्टीत तुम्हाला चहा दिला. त्याच मैत्रिणीनं विचारलं, "आजोबा, कुणाकडं आला होता?" तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मी खोडरबर शोधत होते. तुम्ही बशीत चहा ओतलात आणि म्हणालात, "कुणाकडं न्हाई. मिरजंला काम हुतं, तेवढं केलं." मग परत जाऊन, आधी होता तसेच बसलात, हातसुद्धा त्याच जागी. सर आम्हाला म्हणाले, "असा मॉडेल पैसे देऊन मिळत नाही." तास संपल्यावर त्यांनी सगळ्यांची चित्रं भिंतीला लावली. तुमच्या बंडीच्या खिशात एक पिवळा कागद घडी घालून खोचला होता. तो सगळ्यांनीच काढला होता, पण सरांनी माझ्या चित्रावर बोट ठेवलं. "ह्या कागदाची घडी बघा. कडेला मळलाय, तेसुद्धा हिनं सोडलं नाही. ह्याला म्हणतात बघणं."

तुम्ही खाली उतरून गेला होता. मी पळत फाटकाबाहेर आले आणि आपण स्टँडपर्यंत चालत गेलो. तुम्ही हसत होता. "काय गं, येक डोळा मिटून बघत्यात समदी! मला वाटलं नेम धरत्यात का काय." मग भाकरीचं आणि शेंगदाण्याच्या चटणीचं गाठोडं माझ्या हातात दिलंत. स्टँडवर बाकावर बसलो. थोड्या वेळानं विचारलंत, "तुला विंग्रजी वाचाया येतं न्हवं?"

"येतं की. का वो आबा?"

"बरं हाय," म्हणालात. खिशाकडं हात गेला होता, हे मला आता आठवतं, की मी नंतर रचलंय, ठाऊक नाही. तेवढ्यात गाडी लागली. तुम्ही उठलात, "जातो, जागा मिळायची न्हाई," म्हणालात आणि गर्दीत शिरलात. मी खिडकीशी जाऊन हात केला. तुम्ही पलीकडच्या बाजूला बसला होता.

तो पिवळा कागद मिरजेच्या दवाखान्याचा केसपेपर होता. अडीच महिन्यांनी दादानं फोन करून सांगितलं. घशातली गाठ दाखवायला तुम्ही एकटेच आला होता. डॉक्टरांनी तपासून लिहून दिलं, आणि ताबडतोब भरती व्हा, घरातलं कुणी शिकलेलं असेल त्याला बोलवा, असं सांगितलं. शिकलेली मी होते. तुम्ही मला बोलवायला आला होता, आणि तीन तास बसून परत गेलात. मग मेंढरं परत आली, जत्रा झाली, तुमचा घास अडायला लागला, तेव्हा दादानं उचलून आणलं. ऑपरेशननंतर मी एका शिकाऊ डॉक्टरला गाठून विचारलं, "तेव्हाच भरती केलं असतं तर?" तो माझ्याच वयाचा होता. खूप दमलेला. म्हणाला, "सांगता येत नाही हो. कदाचित फरक पडला असता, कदाचित नसता." त्यानं तरी काय सांगावं?

घशाला भोक पाडून नळी बसवली होती. तुमचा आवाज गेला. लिहिता तुम्हाला येत नव्हतंच. तुम्ही हातवारे करायचात, दादाला कळायचे नाहीत, आई रडायला लागायची, तुम्ही चिडून भिंतीकडं तोंड करायचात. तिसऱ्या दिवशी मी वहीचा मोठा कागद घेतला आणि चौकोन आखून चित्रं काढली. हेच तर मी शिकत होते, की अक्षर न येणाऱ्यालाही कळेल असं चित्र कसं काढायचं. पाण्यासाठी थेंब काढला. तुम्ही बघून गोंधळलात, डोळ्याला हात लावलात, कुणी रडतंय का म्हणून. दुखण्यासाठी पुस्तकात असते तशी नागमोडी वीज काढली, तर तुम्ही खिडकीबाहेर आभाळ बघितलंत. वर्गात दोन्ही चित्रांना चांगले गुण मिळाले असते. मग खोडून तांब्या काढला. दुखण्यासाठी गळा धरलेला माणूस. तुम्ही लगेच तांब्यावर बोट ठेवलंत. दादा पळत जाऊन पाणी घेऊन आला. नळीमुळं पाणी पिता येत नव्हतं, ओठ ओले केले फक्त. तरी तुम्हाला इतका आनंद झाला होता!

मग मी रोज चित्रं वाढवत गेले. आई, दादा, चादर, पंखा, तंबाखूचा डबा, देव. मेंढीही काढली. ती बघून तुम्ही बिनआवाजाचं हसलात आणि स्वतःच्या नाकावर बोट वाकवून दाखवलंत, की आपल्या मेंढीचं नाक पोपटाच्या चोचीगत वाकडं असतं, हे कुठलं मेंढरू? मी दुरुस्त केलं. शेजारच्या खाटेवरचे काकाही तो कागद मागून घ्यायला लागले. सिस्टर म्हणाल्या, "लय हुशार पोरगी हाय तुमची." तुम्ही मान हलवलीत.

शेवटच्या आठवड्यात मात्र तुमचं बोट कशावरच थांबेना. तांब्यावरून पंख्यावर, तिथून आईवर, आईवरून मेंढीवर, आणि मग कागदाच्या कडेला, जिथं काहीच नव्हतं तिथं. तिथं टकटक करायचात आणि माझ्याकडं बघायचात. "काय पाहिजे आबा? कुणाला बोलवू?" मान नकारार्थी. मी शेजारी नवीन चौकोन आखायची. भाकरी, बैल, कुत्रं, तुमची काठी. नाही. दादा म्हणायचा, "आगं, काय म्हणत्यात ते?" मी म्हणायची, "कळंना मला." तुम्ही बोट उचलायचात, परत पहिल्या चौकोनापासून सुरुवात करायचात, शाळेत पोरं पाढे म्हणताना चुकल्यावर करतात तसं. त्या शुक्रवारी सकाळी बोट तांब्यापाशीच राहिलं.

तो कागद मी नीट करून शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून दिला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, हे कुणासाठी केलंत? मी म्हणाले, "एका वृद्ध रुग्णासाठी." तुमचं नातं सांगितलं असतं तर रडले असते, म्हणून. निदान मी स्वतःला तसं समजावते. पहिला नंबर आला. त्याच्यावर ही नोकरी मिळाली. दर वर्षी पोरांना मी तो प्रकल्प दाखवते आणि एखादं तरी पोर विचारतं, "मॅडम, शेवटी त्यांना काय म्हणायचं होतं ते कळलं का?" मी सांगते, नाही कळलं.

आबा, दादा आणि डॉक्टर वॉर्डाबाहेर बोलत होते तेव्हा मी तिथं होते. आता घरी हलवता येणार नाही, वाटेतच काही होईल, असं डॉक्टर म्हणाले. तुम्ही मागितलं असतं तर आम्ही नाही कसं म्हणणार होतो? त्या कागदावर सव्वीस चित्रं होती. घराचं नव्हतं. ते माझ्याकडून चुकून राहिलं नव्हतं, मी काढलं नव्हतं.