तिथे शून्य असलं तर?

प्रिय आई,

दुरूनच तुझ्या आणि बाबांच्या पाया पडते. आधी हे सांगते, माझं शिकवण्याचं काम टिकलं. आता पुढचं निवांत वाच.

संशोधनाबरोबर मला पहिल्या वर्षाला गणित शिकवावं लागतं, हे तुला ठाऊक आहेच. पण माझा वर्ग तोंडच उघडत नव्हता. तुला उगाच घोर नको, म्हणून फोनवर बोलले नाही.

काल हा वर्ग माझ्याकडे ठेवायचा का ते ठरवायला, माझं शिकवणं पाहायला आमचे विभागप्रमुख सर शेवटच्या बाकावर येऊन बसले. घाईघाईत मी समीकरणाच्या दोन्ही बाजूंना 'क्ष वजा एक'ने भागून मोकळी झाले. भिंतीकडची मुलगी, जी कधी हूं की चूं करत नाही, ती म्हणाली, "मॅडम, तिथे शून्य असलं तर?"

शून्याने भागायचं नसतं, हे शाळेतल्या पोरांनाही कळतं गं. सारवासारव करणार होते, पण तोंडातून निघालं, "अगं हो, चुकलंच माझं! ये, तूच सोडव." ती फळ्याशी आली, आणि बाकीचे एकदम बोलायला, चक्क भांडायला लागले. जाताना सर म्हणाले, "पुढच्या सत्रातही हा वर्ग तूच घे."

बाबांचा गुडघा कसा आहे? जिना चढत नाहीत ना?

लहानपणी माझा अभ्यास घेताना तू मुद्दाम चुकायचीस आणि मी चूक पकडली की हसायचीस. काल वाटलं, ते सगळंच काही मुद्दाम नसेल. खरं काय ते मात्र सांगू नकोस.

खडूने पांढरी झालेली,
तुझी धाकटी