खोक्यातला कोसा

नवेगाव बांध,
८ सप्टेंबर २०२५

चि. दुर्गेश्वरीस, देवकामावशीचे पोटभर आशीर्वाद.

तुझा खोकला थांबला का? जावईबापूंची कंबर कशी आहे? खुशीला दात आले की अजून बोळकंच? इकडे तुझ्या काकांचा गुडघा आखडलेला, मी आपली चालून राहिली.

फोनवर बोलता येत नाही, घरात सगळे कान टवकारतात. तुझ्या फॅशन हाऊसकडून दुपट्ट्यांची खोकी आली. विणायचं नाही, नुसत्या पदराच्या गाठी मारायच्या, असा निरोप. आमचे माग उन्हाळ्यापासून रिकामे. बसलो गाठी मारत. पण शेजारच्या मागावरच्या शामकलाला राहवलं नाही. मागावरून उतरलेल्या कापडाला आपण तांदळाची खळ देतो, तशी तिने यांनाही दिली. दुपट्ट्यावरच्या तुझ्या पाखरांचा निळा रंग सगळा पातेल्यात! ती रडून राहिली आणि मी मेली तिला म्हणते, धुण्याचं दुकान काढ.

दुर्गा, हा आपला रेशमी कोसा नाही. हात लावला तर प्लास्टिकच्या पिशवीसारखा निसरडा. वर चिठ्ठी मात्र ‘हातमागाचा कोसा, नवेगाव बांध’, अन् खाली तुझं नाव. तुला माहीत होतं? मग काऊन लपवलंस?

तुझी मावशी

मुंबई,
१३ सप्टेंबर २०२५

ती. मावशीस, सा. न. वि. वि.

खोकला गेला, यांची कंबरही सुधारली. खुशीचे पुढचे दोन दात आलेत, दिसेल त्याला चावते. शामकलामावशीला म्हणावं, तिचं काही चुकलं नाही.

मला माहीत होतं. नवे मालक आले आणि आमची नक्षीची खोली अर्धी रिकामी झाली. आता काय काढायचं ते विक्रीवाले सांगतात. तुझ्या मागाशेजारी बसून काढलेलं माझं पाखरू दुपट्ट्यावर, पर्सवर, उशीवर. नवं दाखवलं की म्हणतात, पाखरू खपतंय ना? परवा खुशीसाठी हत्ती काढायला बसले, तर हातातून चोचच आली. घाबरून पेन्सिल टाकली.

बावीस तारखेला कॅमेरावाले येतील. मागावर बसून ‘हे आम्हीच विणलं’ एवढं म्हण. नाही म्हणालीस तर मला काढतील, तसं तोंडावर सांगितलंय. म्हणशील ना, मावशी?

तुझी दुर्गा

नवेगाव बांध,
२३ सप्टेंबर २०२५

चि. दुर्गेस, आशीर्वाद.

काल आले ते. रिकाम्या मागावर तो दुपट्टा अंथरला, मले लुगडं बदलायला लावलं. काका उठून बांधाकडे निघून गेले. शामकला दारात उभी होती. तुझं तोंड आठवलं अन् म्हटलं मी, आम्हीच विणलं. जीभ अडखळली. कॅमेरावाला म्हणे, आजी, बढिया, अब जरा हँसके. पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा तर अडखळलीच नाही गं. हसू आलं, मानही डोलली. शामकला तेव्हा निघून गेली, आज पाणी भरताना भेटली तर घागर उचलून चालती झाली.

मी रागावली नाही, दुर्गा, मले त्या तिसऱ्या वेळेची भीती वाटून राहिली. एका दुपारीत माझी जीभ अशी वळली, तर तू तिथे रोज बसतेस.

दिवाळीला दाखवणार म्हणतात. त्याआधी तू दुपट्टे घेणाऱ्या लोकांना खरं सांग. मी सांगितलं तर तू म्हणशील मावशीने नोकरी घालवली. म्हणून तूच सांग. काढलं तर काढू दे, सगळे इकडे या. तू मात्र गप्प राहू नको. दोन ओळी का होईना, लवकर टाक. पोस्टमनची सायकल वाजली की मी दारात येऊन उभी राहते.

तुझी मावशी, देवका